भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरावा का? बारावीतील मुलीसाठी सल्ला हवा आहे

मांजराकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी लातूरला बारावी विज्ञान शाखेत शिकते. मी आणि माझी पत्नी दोघेही औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहोत. मुलगी दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी माध्यमात होती. सध्या तिची जेईई आणि एमएचटी-सीईटीची तयारी चालू आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तिला जमते, पण त्यांत तिचे मन रमत नाही. गणिताचे मात्र वेगळे आहे. सराव चाचण्यांमध्ये ती इतरांपेक्षा कमी प्रश्न सोडवते, पण सोडवलेले सहसा चुकत नाहीत. एखादे सूत्र दिले की ते कुठून आले हे कळेपर्यंत ती पुढे सरकत नाही आणि त्यामुळे वेळ जातो, अशी तिच्या शिकवणीत नेहमी तक्रार असते.

कनिष्ठ महाविद्यालयातील तिच्या गणिताच्या सरांनी मागच्या आठवड्यात मला बोलावून सांगितले, की हिला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे आयएसआयच्या, बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. या अभ्यासक्रमांसाठी अर्ज करू द्या. त्याआधी मी हे नाव केवळ वर्तमानपत्रात वाचले होते. माहिती काढली तेव्हा कळले, की देशभरातून हजारो मुले बसतात आणि जागा दोन्ही अभ्यासक्रम मिळून शंभर-सव्वाशेच्या आसपास आहेत. परीक्षा मे महिन्यात असते, म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डच्या तोंडावर.

आमच्यापुढील अडचण अशी आहे. निवड होण्याची शक्यता जर नगण्य असेल, तर ऐन मोक्याच्या दिवसांत मुलीचे लक्ष दुसरीकडे वळवणे योग्य आहे का? निवड झाली नाही तर ती खचेल का? आणि झालीच, तर अभियांत्रिकी सोडून गणित किंवा संख्याशास्त्राची पदवी घेण्यासाठी तिला इतक्या लांब पाठवावे का? नातेवाइकांचे म्हणणे आहे, की बी.एस्सी.च करायची तर ती लातुरातही होते. मुलीला विचारले तर ती म्हणते, "तुम्ही सांगाल तसे." हे उत्तर मला अजिबात आवडलेले नाही. ज्यांना या परीक्षेचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विचरण (पुणे)

सर, मी पुण्यात बरीच वर्षे संख्याशास्त्र शिकवले आणि या परीक्षेला बसणारे विद्यार्थी जवळून पाहिले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी संस्थेविषयी. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात ती स्थापन केली आणि १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग तेथे गेला. गणितातील मानाचे आबेल पारितोषिक मिळवणारे एस. आर. एस. वरदन यांची पीएच.डी. तेथलीच. बी.स्टॅट. कोलकात्यात शिकवले जाते आणि बी.मॅथ. बंगळुरूला. या दोहोंसाठी जेईईचे गुण विचारात घेतले जात नाहीत, संस्था स्वतःची परीक्षा घेते. पात्रतेसाठी बारावीला गणित आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असलेच पाहिजे असे नाही. त्यामुळे गणित घेतलेला वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही बसू शकतो, हे आपल्याकडे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

परीक्षेचे दोन पेपर एकाच दिवशी होतात. सकाळच्या पेपरात दोन तासांत बहुपर्यायी ३० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला ० आणि प्रश्न कोरा सोडल्यास १ गुण. हा कोऱ्या प्रश्नाचा एक गुण मुद्दाम समजून घ्यावा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने एकच गुण पदरी पडतो, म्हणजे निव्वळ अंदाजाने काहीच हाती लागत नाही. चारांपैकी एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र उत्तर देणे फायद्याचे ठरते. दुपारचा पेपर वर्णनात्मक असतो: आठ प्रश्न, दोन तास. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला पंधरा मिनिटे, आणि उत्तरात केवळ आकडा लिहून भागत नाही, पूर्ण सिद्धता लिहावी लागते. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. आपल्या मुलीच्या ज्या सवयीची शिकवणीत तक्रार होते, त्या सवयीची या दुपारच्या पेपरात गरज असते. सकाळच्या पेपरात ठरावीक गुण मिळाले तरच दुपारचा पेपर तपासला जातो, हेही ध्यानात असू द्या.

आता शक्यतेविषयी. अर्ज करणाऱ्यांच्या संख्येने जागांना भागून जे प्रमाण निघते, त्यावरून आपल्या मुलीची शक्यता कळत नाही. अर्जदारांपैकी पुष्कळ जण एकही जुनी प्रश्नपत्रिका न पाहता, इतर दहा फॉर्मांबरोबर हाही भरून टाकतात. दुसऱ्या टोकाला गणित ऑलिंपियाड या स्पर्धेची तयारी केलेली मुले असतात. त्यांच्यातील राष्ट्रीय प्रशिक्षण शिबिरापर्यंत पोहोचलेल्यांना तर लेखी परीक्षेतून सूट मिळत आली आहे. आपली मुलगी या दोन गटांच्या मध्ये कुठे आहे हे त्या भागाकाराने कसे कळणार? ते घरी बसून कळू शकते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. एखाद्या रविवारी दुपारचा एक पेपर तिच्यापुढे ठेवा आणि घड्याळ लावू नका. किती प्रश्न सुटले हे पाहू नका. न सुटलेल्या प्रश्नापाशी ती किती वेळ बसते आणि संध्याकाळी तो प्रश्न तिच्या डोक्यात अजून आहे का, एवढेच पाहा.

त्याआधी एक लहान प्रश्न देतो. कोणतेही पाच पूर्णांक घेतले, तर त्यांतून असे तीन निवडता येतातच, की त्यांच्या बेरजेला ३ ने नि:शेष भाग जातो. हे सिद्ध करावयाचे आहे. बारावीच्या पुस्तकातील एकही सूत्र येथे लागत नाही.

शेवटचा मुद्दा असा, की फॉर्म भरणे आणि कोलकात्याला जाणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला मार्चच्या सुमारास घ्यायचा आहे आणि तो स्वस्त आहे. दुसरा घेण्याची वेळ बहुतेक अर्जदारांवर येतच नाही. आपल्यावर आली, तर त्या वेळी हाती बरीच अधिक माहिती असेल. दोन्हींचा विचार एकदम करू लागलात, तर दुसऱ्याच्या भीतीने पहिला सोडून द्याल.

त्रिज्या (लातूर)

विचरण सरांच्या माहितीविषयी वाद नाही. परंतु मी लातुरातच जेईईच्या वर्गांना गणित शिकवतो आणि मला दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट, कमी प्रश्न सोडवणे हे प्रतिभेचे लक्षण मानण्याची घाई नको. काही मुले खरोखर खोलात जातात म्हणून हळू असतात, काही मुले सरावाअभावी हळू असतात, आणि बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. "माझे मूल हळू आहे कारण ते विचार करते" हे वाक्य मी दरवर्षी अनेक पालकांच्या तोंडून ऐकतो. त्यांतील थोड्यांच्याच बाबतीत ते खरे असते.

दुसरी गोष्ट वेळेची. गेल्या काही वर्षांत ही परीक्षा मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी झाली आहे. २०२४ मध्ये १२ मे रोजी आणि २०२५ मध्ये ११ मे रोजी. जेईई ॲडव्हान्स्ड २०२४ मध्ये २६ मे रोजी होती आणि २०२५ मध्ये १८ मे रोजी. म्हणजे मधले अंतर एका वर्षी दोन आठवड्यांचे, तर दुसऱ्या वर्षी अवघ्या एका आठवड्याचे. एप्रिलमध्ये सीईटी, त्याआधी मंडळाची परीक्षा. सिद्धता लिहिण्याची सवय एप्रिलमध्ये लागत नाही. तिला महिने लागतात. अर्धी तयारी इकडे आणि अर्धी तिकडे अशी विभागणी केलेली मुले दोन्हीकडे थोडक्यात हुकलेली मी पाहिली आहेत.

तिसरी गोष्ट, गणितच शिकायचे असेल तर जेईईच्या वाटेनेही ते शिकता येते. आयआयटी मुंबईत गणिताचा बी.एस. अभ्यासक्रम आहे आणि तेथील प्रवेश ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा बी.एस. आहे. विज्ञानाचे शिक्षण आणि संशोधन करणारी पुण्याची आयसर ही संस्था आहे, तिची चाळणी परीक्षा स्वतंत्र असते आणि तिच्यात जीवशास्त्रासह चारही विषय येतात. तेव्हा एकाच संस्थेकडे डोळे लावून भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र सैल सोडू नये. गणिताची आवड असलेली मुले नेमके हेच करतात आणि त्यासाठी त्यांना मोठ्यांकडून एक सबब हवी असते. फॉर्म भरा, मी नाही म्हणत नाही. पण फॉर्म भरणे म्हणजे इतर दोन विषयांना रजा, असा अर्थ घरात कोणी काढू नये.

ऊनसावली (बंगळुरू)

मी सोलापूर जिल्ह्यातील आहे आणि माझे बी.मॅथ. बंगळुरूच्या म्हैसूर रस्त्यावरील केंद्रातून झाले. त्रिज्या सरांचा वेळेचा मुद्दा बरोबर आहे, मात्र त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. दोन्ही परीक्षांचा बीजगणित, त्रिकोणमिती, कलन आणि क्रमचय-संचय एवढा भाग समान आहे. जेईईसाठी एखादा प्रश्न सोडवून झाला, की तोच प्रश्न वहीत पूर्ण वाक्यांत, प्रत्येक पायरीचे कारण देऊन लिहायचा, आणि हे आठवड्यातून काही मोजक्या प्रश्नांपुरतेच करायचे. संख्या सिद्धांताचा, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचा, थोडा भाग मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण जेईईत तो जवळजवळ नसतो. मी डिसेंबरपासून याच पद्धतीने गेले आणि भौतिकशास्त्र सोडले नाही. ते आवडत होते असे मुळीच नाही. घरच्यांनी सोडू दिले नाही.

आमच्या वेळी लेखीनंतर मुलाखत होती. ती म्हणजे फळ्यापुढे उभे राहून गणित सोडवणे. माझा एक प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही, तरी निवड झाली. कुठे अडले हे मला नेमके सांगता आले, बहुधा तेवढे त्यांना पुरले असावे.

आता प्रवेशानंतरचे, कारण यावर कोणी लिहीत नाही. पहिले सत्र कठीण असते. शाळेत जी मुले गणितात कायम पहिली होती, अशीच सगळी मुले एका वर्गात बसलेली असतात आणि त्यांतील कोणीतरी शेवटचे येणारच. बारावीत आपण सीमा काढायला शिकतो. येथे पहिल्याच आठवड्यात सीमा म्हणजे काय हे एप्सिलॉन-डेल्टाने, म्हणजे तिच्या काटेकोर व्याख्येने, सांगावे लागते, आणि आजवर ज्याला आपण गणित म्हणत होतो त्यातील पुष्कळसे हिशेब होते हे लक्षात येते. नापास झालेल्या विषयाची पुन्हा परीक्षा देता येते, तिला तेथे बॅकपेपर म्हणतात, पण त्यालाही मर्यादा आहेत आणि दरवर्षी काही जण मध्येच बाहेर पडतात. शिक्षणशुल्क आजवर नव्हते. उलट विद्यावेतन मिळते, पण ते सत्राच्या निकालावर अवलंबून असते आणि निकाल घसरला तर अर्धे होते किंवा बंद पडते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने संस्थेसाठी नव्या कायद्याचा मसुदा मांडला आणि त्याला विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी विरोध केला. तेव्हा शुल्क आणि विद्यावेतन यांबाबत माझ्या आठवणींवर विसंबू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

भाषेची भीती बाळगू नये. शिकवणे इंग्रजीतून असते, आणि सेमी-इंग्रजीतील मुलीला गणिताची इंग्रजी कठीण जात नाही. वर्गात मुली कमी असतात, हे मात्र आधीच माहीत असलेले बरे. वसतिगृह आवारातच आहे. आईवडिलांना वाटते तेवढा परकेपणा पहिल्या दोन महिन्यांनंतर राहत नाही, कारण रात्री दोन वाजता कोणाचा प्रश्न सुटला नाही हे सगळ्या मजल्याला ठाऊक असते.

बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. यांत घाईने निवड करू नका. बी.स्टॅट.मध्ये संभाव्यता, नमुना सर्वेक्षण, अनुमान हे विषय मध्यभागी असतात, बी.मॅथ.मध्ये विश्लेषण, बीजगणित आणि भूमिती. दोन्हींसाठी लेखी परीक्षा एकच आहे. माझ्या वर्गातील काही जण परदेशात पीएच.डी.ला गेले, काही वित्तक्षेत्रात, काही संगणकशास्त्राकडे वळले. मी एका विमा कंपनीत जोखमीचे गणित पाहते. नोकरीची काळजी असलेल्या नातेवाइकांना हेही सांगा, की संख्याशास्त्राच्या पदवीधरांसाठी संघ लोकसेवा आयोग भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेतो. सरकारी नोकरीचे नाव काढले की घरातील अर्धा विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे.

चेन्नईजवळ सिरुसेरी येथील चेन्नई गणितीय संस्थेचा फॉर्मही याबरोबर पाहावा. गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ मध्ये तिची सुरुवात केली. इंदूरहून आलेले राजीव करंदीकर, ज्यांना आपण निवडणुकांच्या अंदाजांमुळे ओळखतो, अनेक वर्षे तिचे संचालक होते. तिचीही स्वतंत्र परीक्षा मे महिन्यातच होते, तयारी जवळजवळ सारखीच लागते. तेथे शुल्क आहे, पण शुल्कमाफीची सोयही आहे.

मांजराकाठ (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले, मनापासून आभार. त्रिज्या सर, आपली सूचना मी मुलीला जशीच्या तशी वाचून दाखवली आणि ती ओशाळून हसली, म्हणजे आपण नेम अचूक धरला आहे.

विचरण सरांचा पाच पूर्णांकांचा प्रश्न मी तिला शनिवारी फोनवर सांगितला. तिने वसतिगृहातून रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिचे म्हणणे असे: कोणत्याही संख्येला ३ ने भागले तर बाकी ०, १ किंवा २ उरते. पाच संख्यांमध्ये तिन्ही प्रकारच्या बाक्या आल्या असतील, तर प्रत्येकीची एक संख्या घ्यावी, बाक्यांची बेरीज ३ होते. तिन्ही आल्या नसतील, तर जास्तीत जास्त दोन प्रकार आहेत आणि संख्या पाच. म्हणून एका प्रकारच्या किमान तीन संख्या असणार, त्या तीन घ्याव्यात. एवढे लिहून तिने खाली आपण होऊन विचारले आहे, की पाच कशाला, चार का चालणार नाहीत? आणि ०, ०, १, १ हे उदाहरण देऊन चार पुरत नाहीत हेही दाखवले आहे. मी स्वतः प्राथमिक शिक्षक आहे, तेव्हा यात कौतुकाचे किती आणि वडिलांच्या डोळ्यांचे किती, हे आपणच सांगावे.

संस्थेच्या संकेतस्थळावरील एक पूर्ण पेपरही तिने पाहिला. तिच्या मते त्यातील दोन प्रश्न जमतील, एक कदाचित, आणि उरलेले "समजले तरी पुरे". मात्र "तुम्ही सांगाल तसे" हे उत्तर या वेळी आले नाही. ती म्हणाली, फॉर्म भरू या. आम्ही तो भरणार आहोत.

आता एक व्यावहारिक शंका. आरक्षणासाठी राज्य शासनाचे प्रमाणपत्र तेथे चालते का?

विचरण (पुणे)

सर, सिद्धता पूर्ण आहे आणि लिहिलीही नीट आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते तिने चार संख्यांविषयी स्वतःहून विचारलेले. तो प्रश्न मी दिलेला नव्हता. बेरजेला ४ ने भाग जाईल अशा चार संख्या हमखास निवडता याव्यात, तर मुळात किमान किती पूर्णांक घ्यावे लागतील, हे तिला विचारा. उत्तर सांगू नका आणि इंटरनेटवर शोधूही देऊ नका. याचे सर्वसाधारण रूप १९६१ मध्ये एर्डॉश, गिन्झबर्ग आणि झिव्ह या तिघांनी सिद्ध केले. तिला ४ साठी स्वतः जमले नाही तरी काही बिघडत नाही, पण खटपट केल्यावर ती सिद्धता वाचण्यात निराळीच गोडी आहे.

दोन प्रश्न जमतील आणि एक कदाचित, हा अंदाज पहिल्या खेपेसाठी वाईट नाही. आठांपैकी आठ सोडवणारे त्या परीक्षेत अगदी विरळा असतात. या गुणांवर निवड होईल असे मात्र मी म्हणणार नाही. येत्या महिन्यांत हा आकडा वाढावा लागेल आणि सकाळच्या पेपरासाठी वेगही लागेल. तेथे प्रश्नाला चारच मिनिटे मिळतात. त्या बाबतीत त्रिज्या सरांच्या शिकवणीचाच उपयोग आहे.

आईफोंडेकर (गोवा)

खचण्याविषयी आपण विचारले होते आणि त्यावर कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहिते. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी या परीक्षेला बसला आणि निवडला गेला नाही. तीन-चार दिवस घरात अबोला होता. त्यानंतर त्याने स्वतःच प्रश्नपत्रिका काढून न सुटलेला एक प्रश्न सोडवायला घेतला. आज तो पुण्यात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत आहे. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ मध्ये वि. स. हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, तेव्हापासून या विषयाची परंपरा आपल्याकडेही आहे. कोलकात्याच्या एम.स्टॅट.ला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, बाहेरील पदवीधर बसू शकतात, त्यामुळे तो दरवाजा त्याच्यासाठी अजून उघडा आहे. त्याला तेथे जायचे आहे की नाही, हे त्याने अद्याप ठरवलेले नाही आणि मीही विचारत नाही.

मला जे जड गेले ते निकालानंतरचे चौकशीचे फोन. आम्ही फॉर्म भरल्याचे सगळ्या नात्यात सांगितले होते, त्यामुळे प्रत्येकाला उत्तर द्यावे लागले, आणि ते देताना मुलगा शेजारच्या खोलीत असायचा. आपण हे सरांपुरते आणि घरापुरते ठेवलेत तर बरे. निवड झाली तर सांगायला सगळा जून आहे.

दप्तर (छत्रपती संभाजीनगर)

प्रमाणपत्रांविषयीच्या शंकेचे उत्तर देतो. ही केंद्र सरकारची संस्था असल्यामुळे आरक्षणही केंद्राच्या नियमांप्रमाणे मिळते. इतर मागासवर्गासाठी राज्याचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र पुरत नाही. केंद्राच्या नमुन्यातील स्वतंत्र प्रमाणपत्र लागते आणि आपली जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या आणि केंद्राच्या याद्या तंतोतंत सारख्या नाहीत, तेव्हा आधी यादी तपासावी. आपण दोघे शिक्षक आहात म्हणून उत्पन्न आठ लाखांच्या वर जाते आणि प्रमाणपत्र मिळणार नाही, असे गृहीत धरू नका. केंद्राच्या क्रिमीलेअरच्या निकषात वेतनाचे आणि शेतीचे उत्पन्न त्या मर्यादेत मोजले जात नाही. नोकरदार पालकांच्या बाबतीत त्यांच्या पदाचा गट (अ, ब, क, ड) पाहिला जातो. सेतू केंद्रातील माणसाला हे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून संबंधित परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचे उलट आहे. त्यात वेतन, शेती, व्यवसाय असे सर्व उत्पन्न धरतात, शिवाय पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास ते मिळत नाही. हे प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरतेच असते, त्यामुळे मार्चमध्ये काढलेले एप्रिलनंतर उपयोगी पडेल की नवीन लागेल, हे जाहिरातीतील तारखा पाहून ठरवावे. राज्याने २०२४ मध्ये मराठा समाजासाठी दिलेले एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थांमध्ये लागू नाही. त्या विद्यार्थ्यांनी पात्र असल्यास आर्थिक दुर्बल घटकाचे केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र काढावे.

प्रवेशाच्या दिवसांत तहसील कार्यालयांत अर्जांचा ढीग पडतो. जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल, तर तो याच महिन्यात दुरुस्त करून घ्या, कारण नावातील एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करायला लागते आणि ते काम मे महिन्यात कोणालाच उरकत नाही.